मदत हवी आहे: मांगाचा (जपानी कॉमिक्सचा) सेट ओरिजिनल की डुप्लिकेट, कसं ओळखायचं? (गोवा)

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. कॉमिक्समध्ये माझी मजल इंद्रजालच्या वेताळापर्यंतच, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

भाचीने (तेरावं चालूय) २०२५च्या सप्टेंबरात डीमन स्लेयर या मांगा मालिकेवरचा 'इन्फिनिटी कॅसल' सिनेमा थेटरात बघितला. तीन सिनेमांतला तो पहिलाच, गोष्ट मध्येच सोडलेली, मग पुढचं पुस्तकातच वाचायचं म्हणून घरात नुसता धोशा. मूळ मालिका शोनेन जंप या जपानी साप्ताहिकात २०१६ ते २०२० चालली नि २३ भागांत संपलीय, म्हणजे वन पीस या दुसऱ्या मांगासारखं नाही की १९९७पासून चालू आहे, शंभरावर भाग झाले तरी आपलं चालूच. त्यामुळे बहीण म्हणाली एकदाचं होऊन जाऊदे आणि ऑनलाइन एका सेलरकडून अख्खा सेटच मागवला. दुकानात एकेक भाग चारशे-पाचशेच्या घरात, इथे त्याच्या निम्म्याहून कमी, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकलेली पण बोललो नाही, उगाच भांडण कशाला.

सेट आला. कव्हर झकास, चकचकीत. आत मात्र सावलीसाठी बारीक ठिपक्यांचा जो करडा रंग देतात ना, तो कित्येक पानांवर सरळ काळा डाग झालाय, लढाईच्या पानांवर कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही. आतल्या बाजूचे संवाद शिवणीत अर्धे गेलेत, वाचायला पुस्तक फाडून उघडावं लागतंय. कागदाला रॉकेलसारखा वास. भाची म्हणते मामा हे डुप्लिकेट आहे, सेलर म्हणतो इम्पोर्टेड आहे, रिटर्न नाही.

आता जाणकारांनी सांगा, नक्की काय तपासायचं? 'प्रिंटेड इन इंडिया' छापलंय म्हणजे नकलीच असं एकजण म्हणाला, हे खरं का? आणि पणजी-मडगावात चांगले भाग मिळतात का, की पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करू?

प्रतिसाद:
दादा, एवढ्या कमी भावात अख्खा सेट नि वर शिवणीत गेलेले संवाद, मला तरी हे पायरेटेडच वाटतंय. 'प्रिंटेड इन इंडिया'वरून काही ठरवू नका, मागचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-नंबर) प्रकाशकाच्या, म्हणजे विझच्या साइटवर टाकून बघा, पण नकलीवाले नंबरही जसाच्या तसा छापतात म्हणून शेवटी छपाईच बघायची. दुकानात जाऊन त्याच भागाचं तेच पान शेजारी धरा, मिनिटात कळेल. फोटो काढून पेमेंट ज्या साइटवरून केलं तिथे तक्रार टाका, सेलरशी हुज्जत घालू नका.
आणि सगळे २३ कशाला घेता? सिनेमाची गोष्ट साधारण १६व्या भागापासून सुरू होते, तिथून पुढचेच घ्या. तोवर शोनेन जंपचं ॲप भारतात चालतं, थोडे पैसे भरून जुने भाग वाचता येतात.

मूळ लेखक:
धन्यवाद! रविवारी भाचीला घेऊन पणजीला जातो, १७वा भाग बॅगेत घेऊन. ॲपवरही पानं या पुस्तकांसारखी उजवीकडून डावीकडेच वाचायची ना? नाहीतर माझं डोकं परत फिरायचं. आणि पावसात ही पुस्तकं बुरशीपासून कशी वाचवता तेही कुणीतरी लिहा, आमच्याकडे जूनपासून कपाटात हात घालवत नाही.