हिंदीतला 'परमाणु', मराठीतला 'अणू' आणि तारापूरची भट्टी

भाषांतर करणारी: शाळेतल्या मुलांसाठीची एक हिंदी पुस्तिका मराठीत आणतेय. विषय आहे तारापूरची वीज. 'परमाणु बिजलीघर'पाशी अडले. 'परमाणू वीजकेंद्र' लिहू का? आणि 'अणुभट्टी' वाचून माझ्या मुलीने विचारलं, "आत काय जळतं?" काय सांगावं तिला?

निवृत्त विज्ञानशिक्षक: ताई, 'परमाणू' नकोच. हिंदीत परमाणु आणि अणु अशी जोडी आहे, मराठीत अणू आणि रेणू. म्हणजे हिंदीतला 'अणु' हा आपला रेणू. नुसत्या लकबीचा फरक असता तर सोडून दिलं असतं, पण इथे अर्थच उलटतो. तुमच्या पुस्तिकेत 'भारी पानी का अणुभार 20' असं काही असेल आणि तुम्ही 'जड पाण्याचा अणुभार 20' लिहिलंत, तर ते साफ चूक. मराठीत ते रेणुवस्तुमान. पाण्याला अणुभार नसतोच, तो हायड्रोजनला आणि ऑक्सिजनला असतो. दहावीच्या मुलाचे गुण जातील अशा एका शब्दाने.

आणखी एक. सुटा लिहिताना 'अणू' दीर्घ, समासात 'अणु' ऱ्हस्व: अणुऊर्जा, अणुभार.

भाषांतर करणारी: सर, 'अणुभार' खरंच तसाच ठेवला होता मी! आजच बदलते. पण 'जड पाणी' वाचून मुलांना विहिरीचं पचायला जड पाणी नाही ना आठवणार?

निवृत्त विज्ञानशिक्षक: आठवेल. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घाला: यातला हायड्रोजन नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा असतो. साबणाचा फेस न होणारं ते दुष्फेन पाणी, त्याचा इथे संबंध नाही.

वीजक्षेत्रातला वाचक: 'अणुशक्ती' आणि 'अणुऊर्जा' एक नव्हेत. मुंबईत अणुशक्तीनगर आहे, आयोग मात्र अणुऊर्जा आयोग (1948). बोलताना चालतं, पण शाळेच्या पुस्तकात शक्ती वॅटमध्ये आणि ऊर्जा युनिटमध्ये. तारापूरचा तिसरा संच 540 मेगावॅटचा, ही त्याची शक्ती. पूर्ण क्षमतेने तासभर चालला की 5 लाख 40 हजार युनिट, ही ऊर्जा. घरात येते ती वीज, म्हणून मी 'अणुवीज' म्हणेन. जलविद्युत म्हणतोच की आपण.

मला जास्त खटकतो तो 'औष्णिक'. कोराडी औष्णिक, चंद्रपूर औष्णिक, आणि तारापूर तेवढं वेगळं काहीतरी, असं वाटतं. पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवायचं, हे तिन्हीकडे तेच. फरक उष्णता कुठून येते एवढाच. कोळशाच्या सवयीने आपण तो शब्द कोळशालाच देऊन टाकला.

भाषांतर करणारी: मग भट्टीचं काय? चुनाभट्टी, वीटभट्टी, हातभट्टी, सगळीकडे जाळ आहे.

वीजक्षेत्रातला वाचक: इथे जाळ नाही. युरेनियमच्या अणूचं केंद्रक, म्हणजे त्याचा गाभा, न्यूट्रॉन नावाच्या सूक्ष्म कणाच्या धडकेने दुभंगतं, त्यातून उष्णता निघते. ऑक्सिजन लागत नाही, धूर नाही, राख नाही. पण वापरलेलं इंधन उरतं आणि ते दीर्घकाळ जपावं लागतं, हेही मुलांना सांगाच. तरी 'भट्टी' मी काढणार नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांत भट्टी चालू असतानाच जुनं इंधन काढून नवं सारतात. पेटत्या भट्टीत जळण सारावं, तसंच. शब्द बसवणाऱ्याच्या मनात हे नसेलही, पण तो बसलाय छान.

निवृत्त विज्ञानशिक्षक: 'विखंडन' शब्द घाला, लगेच 'दुभंगणे' हेही लिहा. मुलं दुसऱ्यावरून पहिला लक्षात ठेवतात.

भाषांतर करणारी: असं लिहिलंय, बघा: "अणुभट्टीत काही जळत नाही. युरेनियमच्या अणूचं केंद्रक दुभंगतं (विखंडन), त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरून अणुवीज तयार होते." मुलीला वाचून दाखवलं. आता ती विचारते, दुभंगलेल्या केंद्रकाचं पुढे काय होतं. त्यासाठी मराठी शब्द सुचवा.