हिबिकी १७ ची बाटली शनिवारी उघडली. चूक केली का?

सिंहगडरोडकर

गेल्या शनिवारी आमच्या घरी हिबिकी १७ या जपानी व्हिस्कीची बाटली उघडली. माझ्या सर्वांत जुन्या मित्राने रात्रभर ग्लासला हात लावला नाही. निघताना दारात चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "आज तू पोरांचे पैसे प्यायलास." चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून इथे मांडतोय.

मी २००९ ते २०१२ कामानिमित्त टोकियोत होतो. परत निघताना आमच्या विभागप्रमुखांनी ही बाटली हातात ठेवली. तेव्हा ती दुकानात सहज मिळायची, दहा हजार येनच्या आतबाहेर. देताना ते म्हणाले होते, "पुण्यात पहिला पाऊस पडेल तेव्हा उघडा." पहिला पाऊस पडला, उघडली नाही. दुसऱ्या वर्षी मुलाची दहावी होती. मग २०१८ मध्ये ती बनवणाऱ्या सन्टोरी कंपनीने हिबिकी १७ बंद केली, भाव कैक पटींनी चढला, आणि ती बाटली आमच्या घरात दागिन्यासारखी झाली. पाहुण्यांना कपाट उघडून दाखवायची, पुन्हा बंद करायची. पावसाळे असेच गेले.

व्हिस्की पिंपात असते तोवरच वाढते. लाकडातून रंग घेते, सुगंध घेते, दरवर्षी थोडी उडून जाते. एकदा काचेत भरली की ती तिथेच थांबली. लेबलवरची सतरा वर्षं ओकच्या पिंपातली आहेत, माझ्या कपाटातल्या वर्षांनी त्यांत काही भर पडली नाही. उलट कॉर्क कोरडं पडत होतं. शनिवारी फिरवलं तेव्हा ते मधोमध तुटलं. धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून सगळी व्हिस्की गाळून घ्यावी लागली. आणखी पाचसात उन्हाळे गेले असते तर काय उरलं असतं?

चव सांगतो. पहिल्या वासात नुसता मद्यार्क नाकाला झोंबतो. दहा मिनिटं ग्लास तसाच ठेवला. मग मध आला, पिकलेल्या जर्दाळूचा वास आला. थेंबभर पाणी घातलं आणि खालून एक ओळखीचा सुगंध वर आला. घरातल्या सहाणेवर चंदन उगाळल्यावर येतो तो. हिबिकीच्या मिश्रणात मिझुनारा या जपानी ओकच्या पिंपातली व्हिस्की असते, आणि चंदन-अगरूचा हा वास त्या लाकडाचा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून पिंपं येईनाशी झाली म्हणून जपान्यांनी हे झाड नाइलाजाने वापरलं. लाकूड वेडंवाकडं वाढतं, पिंप गळतं, पण वर्षानुवर्षं थांबलं की हा वास देतं. आम्ही चौघं होतो, तिघं प्यायलो, आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

मला वाटतं, मी बरोबर केलं, आणि फार उशिरा केलं. वेगळं वाटत असेल तर स्पष्ट लिहा.

लालकंदील

स्पष्ट लिहितो. चूक केलीत.

पैशाबद्दल नंतर बोलू. बंद पडलेल्या गोष्टीचा प्रत्येक नग पुन्हा न होणारा असतो. नागानो प्रांतात, आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी कारुइझावा नावाची डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळायचा कारखाना, होता. १९५५ मध्ये सुरू झाला, २००० मध्ये तिथलं गाळप थांबलं आणि पुन्हा सुरू झालंच नाही. त्याच्या १९६० सालच्या एका पिंपातून ५२ वर्षांनी फक्त ४१ बाटल्या निघाल्या. त्यांतली एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३ लाख ६३ हजार पौंडांना गेली. या ४१ मालकांनी तुमच्यासारखा विचार केला तर ती चव जगातून पुसली जाईल. बंद बाटली म्हणजे त्या वर्षीचं पाणी, त्या वर्षीचं धान्य आणि पिंपं बांधणाऱ्या कारागिरांचं काम. जुनी मोडीतली दप्तरं आपण वाचून झाल्यावर टाकून देतो का?

आणि तिघांपैकी किती जणांना फरक कळला, हे प्रामाणिकपणे सांगाल?

निशिकासाई

मी टोकियोत राहते. लालकंदील, तुमचा दप्तराचा दाखला मला पटत नाही. दप्तर वाचलं तरी उरतं. व्हिस्की वाचायची म्हणजे प्यायची, दुसरा मार्गच नाही. न उघडलेल्या ४१ बाटल्यांतली चव कुणालाच ठाऊक नसेल तर जतन नक्की कशाचं झालं?

हे "राखून ठेवणं" इथे राहणाऱ्यांना कसं भोवलं तेही ऐका. जपानात व्हिस्कीचा खप १९८३ च्या सुमारास शिगेला होता. तिथून जवळपास पंचवीस वर्षं उतरतच गेला. खप नाही म्हणून कारखान्यांनी गाळप कमी केलं. मग २००८ च्या आसपास सोडा घालून प्यायच्या हायबॉलची लाट आली, पाठोपाठ परदेशात बक्षिसं मिळाली, आणि मागणी एकदम उसळली. पण २०१८ मध्ये सतरा वर्षांची व्हिस्की बाटलीत भरायची तर ती २००१ पूर्वी गाळलेली हवी, आणि ते तर मंदीचे दिवस. हिबिकी १७ बंद झाली ती यामुळे.

नंतर जे झालं ते माणसांनी केलं. दुकानातल्या फळ्या रिकाम्या. सन्टोरीचीच बारा वर्षांची यामाझाकी १२ घ्यायची तर नावाची चिठ्ठी टाकून सोडतीची वाट बघायची. सोडतीत बाटली लागली की बरेच जण त्याच संध्याकाळी ती जास्त भावाने विकणाऱ्या दुकानात नेऊन देतात. एप्रिल २०२४ पासून कंपनीनेच दर वाढवले. यामाझाकी १२ कर सोडून १० हजार येनची १५ हजार झाली, १८ वर्षांची ३२ हजारांची ५५ हजार, आणि २५ वर्षांची १ लाख ६० हजारांवरून थेट ३ लाख ६० हजार. आमच्या स्टेशनाजवळच्या छोट्या बारचा मालक पूर्वी मेनूत लिहून यामाझाकी द्यायचा. आता ती ओळ पांढऱ्या पट्टीने झाकलेली आहे.

सन्टोरीचे संस्थापक शिंजिरो तोरीई यांनी १९२३ मध्ये क्योटोजवळ यामाझाकी डिस्टिलरीची उभारणी सुरू केली. त्यांची १९२९ ची पहिली व्हिस्की लोकांना फार धुरकट लागली, चालली नाही. मग वर्षानुवर्षं खटपट करून १९३७ मध्ये त्यांनी काकुबिन आणली, जपानी जिभेला रुचेल अशी. पुढे जेवताना पाणी घालून व्हिस्की प्यायची रीत इथे घरोघरी रुजली. एवढा खटाटोप केला तो ताटाशेजारी ग्लास यावा म्हणून. सिंहगडरोडकर काका, तुम्ही योग्य केलंत. तुमच्या प्रमुखांनी पहिल्या पावसाची वेळ सांगितली होती, ती मात्र पाळायला हवी होती.

लालकंदील

ताई, इतिहास तुम्ही अर्धाच सांगितला. हान्यू डिस्टिलरीचं काय? २००० मध्ये तिथलं गाळप थांबलं, पुढे कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांना जुनी पिंपं नको होती. इचिरो आकुतो या संस्थापकांच्या नातवाने दारोदार हिंडून सुमारे ४०० पिंपांसाठी फुकुशिमात साके, म्हणजे तांदळाची दारू, करणाऱ्या एकांकडे जागा मिळवली. त्यातूनच प्रत्येक बाटलीवर पत्त्याचं एकेक पान असलेली ५४ बाटल्यांची ती प्रसिद्ध मालिका निघाली. तिचा पूर्ण संच २०१९ मध्ये हाँगकाँगला ७० लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. "पिण्यासाठीच आहे, संपवून टाका" म्हणणाऱ्यांच्या हाती ती पिंपं पडली असती तर?

राखणाऱ्यांमुळेच काही उरतं. सगळे साठेबाज नसतात. माझ्याकडे सहा बाटल्या आहेत, एकही विकलेली नाही.

निशिकासाई

आकुतोंनी पिंपं वाचवली आणि मग त्यांनीच ती बाटल्यांत भरून विकायला काढली. त्यांतल्या कितीतरी बारमध्ये उघडल्या गेल्या, लोक प्यायले, म्हणून तर त्या मालिकेचं नाव झालं. २००८ मध्ये चिचिबुला त्यांनी नवी डिस्टिलरी सुरू केली ती याच नावाच्या बळावर. त्या सगळ्या बाटल्या बंदच राहिल्या असत्या तर नवी व्हिस्की कोणी विचारली असती?

तुमच्या सहा बाटल्यांवर माझा आक्षेप नाही. फक्त त्यांचं पुढे काय होणार, हे घरच्यांना सांगून ठेवलंय का?

सदर बाजार

मित्राच्या "पोरांचे पैसे" वर एक व्यवहारी मुद्दा. ही बाटली पुण्यात बसून विकणार कुठे होता? महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा. परवान्याशिवाय मद्य विकणं गुन्हा आहे, मग ती देशीची बाटली असो की हिबिकीची. ओळखीतल्या माणसाला "बाटली घे, पैसे दे" हीसुद्धा विक्रीच. लंडन-हाँगकाँगच्या लिलावांचे आकडे वाचून आपल्या कपाटातल्या बाटलीला तोच भाव लावायचा, हा हिशेब मुळात कागदावरचा. बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, तो काढलेला असू द्या.

लालकंदील, तुमच्यासाठी एक सूचना. बाटल्या आडव्या ठेवू नका. वाइनचं कॉर्क ओलं राहावं म्हणून वाइन आडवी ठेवतात. व्हिस्कीत मद्यार्क जास्त, तो कॉर्क खाऊन टाकतो. उभी ठेवा, अंधारात, आणि गच्चीखालच्या खोलीत तर मुळीच नको. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथल्या कपाटात हात घालून बघा.

कोरा ग्लास

तिसऱ्याने त्यात सोडा घातला नाही ना? तेवढं फक्त सांगा. सतरा वर्षांच्या व्हिस्कीत सोडा म्हणजे मला सहन होणार नाही.

सिंहगडरोडकर

कोरा ग्लास, घातला. मेहुण्याने दुसऱ्या ग्लासात बर्फ आणि सोडा घेतला, मी अडवलं नाही. ज्यांनी बाटली दिली ते स्वतः व्हिस्कीच्या अडीचपट पाणी घालून प्यायचे, लांब काडीने सावकाश ढवळत. त्यांना मी कधी चुकीचं म्हटलं नाही, मेहुण्याला कसं म्हणू?

लालकंदील, फरक किती जणांना कळला विचारलंत. मला कळला. मेहुण्याला नाही कळला. तिसरा मित्र म्हणाला, "मी हे पुन्हा ओळखू शकणार नाही, पण विसरणारही नाही." मला हे पुरेसं वाटलं.

मनमाडची

हा धागा तीन दिवस वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

माझे वडील पिऊन गेले. त्यांच्या बाटल्या स्वस्तातल्या होत्या, वासाचं वर्णन करावं अशा नव्हत्या. इथे उघडावी की ठेवावी यावर दोन बाजू आहेत, पण दोन्हींना ती बाटली फार मोठी वस्तू वाटते. मला दोन्ही बाजू एकच वाटतात. काका, सहाणेवरच्या चंदनाची उपमा वाचून मी मोबाईल खाली ठेवला. आमच्या घरी आई रोज पहाटे चंदन उगाळायची, तेव्हा वडील बाहेरच्या खोलीत पडलेले असायचे. पिंप कुठल्या लाकडाचं होतं याने घरात काय फरक पडतो?

तुमचा मित्र ग्लासला हात न लावता बसला, त्याची बाजू इथे कोणी विचारली नाही. त्याचं कारण पैसेच होतं, असं तुम्ही धरून चाललात.

निशिकासाई

ताई, तुमच्याशी वाद घालायचा नाही. इथेही कामानंतर वरिष्ठांबरोबर पिणं टाळता येत नाही म्हणून खचलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या प्रतिसादात मी हायबॉलच्या लाटेबद्दल लिहिलं, तिची ही बाजू लिहिली नाही. लिहायला हवी होती.

लालकंदील

मनमाडची, तुमचं बरोबर आहे की चूक, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. माझं मत मात्र बदललेलं नाही. उलट, वस्तू म्हणून जपलेली बाटली कोणाच्या पोटात जात नाही, हे माझ्याच बाजूचं आहे.

सिंहगडरोडकर

मनमाडची ताई, चंदनाची उपमा मागे घेत नाही, कारण वास खरंच तसा होता. पण ती वाचताना तुम्हाला काय आठवेल, हा विचार लिहिताना माझ्या मनात आला नाही. त्याबद्दल माफी मागतो.

मित्राबद्दलचं तुमचं वाक्य वाचून काल त्याला फोन केला. पैशाचं कारण खरं होतं, त्याच्या धाकटीची फी भरायची आहे आणि तो तारीख मोजतोय. शनिवारी ते तो बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. बाटली विकून त्याला देता आली नसतीच, सदर बाजार म्हणतात ते खरं आहे. फीचं आम्ही दोघं बघतोय.

बाटलीत आता दोनेकशे मिली उरली आहे. अर्ध्याहून जास्त रिकाम्या बाटलीत हवा भरते आणि चव हळूहळू पडते, म्हणून उकळून वाळवलेल्या लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवली. पुढच्या पावसापर्यंत ठेवणार नाही.

लालकंदील

काका, एक विनंती. रिकामी झाली की ती चोवीस पैलूंची बाटली मला द्याल? जुन्या जपानी पंचांगातल्या चोवीस लहान ऋतूंसाठी ते पैलू पाडलेले आहेत. माझ्याकडे हिबिकी नाही.

सदर बाजार

देणार असाल तर लेबलवर आधी पक्क्या शाईने तारीख लिहा. दुर्मिळ व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत भलतंच भरून पुन्हा विकणारे आहेत. लालकंदील तसे नाहीत, पण बाटली त्यांच्या घरातून पुढे कुठे जाईल ते त्यांच्याही हातात नाही.

सिंहगडरोडकर

लालकंदील, देईन. लेबलवर त्या शनिवारची तारीख आणि आम्हा चौघांची नावं लिहून देईन, न प्यालेल्याचंही. चालेल का, कळवा.