दोन्ही टोकांना पेटलेली ‘मॅच’ म्हणजे काय?

अनुवादवाली

मंडळी, मदत हवी आहे. विचारायला जरा लाजही वाटतेय, कारण बारा वर्षं मी इंग्रजीचं मराठी करूनच पोट भरते.

सध्या हाताशी एक जाडजूड इतिहास आहे. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात 1642 ते 1651 जी यादवी झाली, तिच्यावरचा. 1646 च्या जूनमध्ये राजाच्या बाजूचं ऑक्सफर्ड शरण आलं. तहाच्या कलमांत लिहिलंय की शिबंदीने मानाने बाहेर पडावं: झेंडे फडकावत, कर्णे फुंकत, ढोल वाजवत, ‘मॅचेस लाइटेड ॲट बोथ एंड्स, बुलेट्स इन देअर माउथ्स’.

रात्री साडेबाराला डोळे मिटत असताना मी लिहून मोकळी झाले: ‘दोन्ही बाजूंनी सामना पेटलेला असताना, तोंडात गोळ्या घेऊन.’ संपादकांनी लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं: ‘शरण आल्यावर सामना कुणाशी? आणि गोळ्या कसल्या, लिमलेटच्या?’

मग मी ‘काड्या दोन्ही टोकांना पेटवून’ केलं. नवऱ्याने स्वयंपाकघरात काडी घेऊन प्रयोग केला. एका टोकाला गूल, दुसरं टोक पेटवायचं कशावर, आणि पेटलंच तर धरायचं कुठे? बोट भाजलं, चहा राहिला.

बरं, पुढच्याच ओळीत प्रत्येक शिपायाला ‘पावडर, मॅच अँड बुलेट’ द्यायची आहे. म्हणजे ही मॅच दारूगोळ्यातली काहीतरी वस्तू आहे. आहे तरी काय? आणि क्रिकेटची मॅच, मॅचिंग ब्लाउज, माचिस आणि ही, सगळा एकच शब्द का?

खडूस मास्तर

ताई, तुमची काडेपेटी एकशे ऐंशी वर्षं लवकर पेटली. घासून पेटणारी काडी पहिल्यांदा विकली जॉन वॉकरने, इंग्लंडातल्याच स्टॉक्टन-ऑन-टीज गावच्या औषधविक्रेत्याने, एप्रिल 1827 मध्ये. काडी ओढायला सोबत घडी घातलेला सँडपेपर द्यायचा. पेटंट काही घेतलं नाही.

तुमच्या कलमातली मॅच म्हणजे दोरी. तागाची किंवा अंबाडीसारख्या वाखाची, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. ती भडकत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. बंदुकीच्या कळीत तिचं टोक अडकवायचं, चाप ओढला की ते निखाऱ्याचं टोक बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीच्या छिद्रापाशी ठेवलेल्या दारूवर टेकतं आणि बार उडतो. म्हणून त्या बंदुकीचं नाव मॅचलॉक. आपल्याकडे हिला तोडेदार बंदूक म्हणत आणि दोरीला तोडा. कोश उघडायच्या आधी आपली बखर उघडत जा.

दोन्ही टोकं पेटती का? एक विझलं तर दुसऱ्यावरून पेटवता येतं. गोळी तोंडात का? भरताना हात मोकळे राहतात आणि वेळ वाचतो. लिमलेटची नाही, शिशाची. दोन्हींचा अर्थ एकच, की आम्ही शहर सोडतोय, पण अजून लढू शकतो. मान तो हाच.

आता शब्दाचं. मॅच हे एक नव्हे, दोन शब्द आहेत. योगायोगाने सारखा सदरा घातलेले दोन परके.

पहिला अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत ‘येमॅच्चा’ म्हणजे जोडीदार, बरोबरीचा. ‘मेक’ या क्रियापदाच्या नात्यातला. त्यातून बरोबरीचा प्रतिस्पर्धी, आणि त्यातून बरोबरीच्यांची झुंज. लग्नाची मॅच, मॅचिंग ब्लाउज, वानखेडेवरची मॅच आणि ज्याला जोड नाही तो मॅचलेस, ही सगळी याची पिल्लं. (एकतर्फी मॅच हा खरं तर वदतोव्याघात. पण हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघायची.)

दुसरा फ्रेंचांकडून आला. ‘मेश’, म्हणजे दिव्याची वात. वातीवरून बंदुकीची दोरी, मग गंधकात बुडवलेली लाकडाची कांडी, आणि वॉकरनंतर घासून पेटणारी काडी. वस्तू बदलत गेली, नाव सरकत राहिलं. काडी आल्या आल्या तिला ‘ल्युसिफर’ वगैरे बाणेदार नावं होती, ती विझली. वात टिकली.

या वातीच्याही मागे अभ्यासक बहुधा ग्रीक ‘मिक्सा’ हा शब्द धरतात. त्याचा मूळ अर्थ शेंबूड. दिव्याच्या चोचीतून लोंबणारी वात आणि पोराच्या नाकातून लोंबणारं ते, बघणाऱ्याला एकच दिसलं. समई लावताना आता आठवू नका.

कुंभारआळी

मास्तर, जेवताना वाचत होतो.

पेठेतला पैलवान

पहिल्या मॅचचं मास्तर म्हणतात ते तालमीत रोज दिसतं. आमच्याकडे कुस्ती आधी ‘लावतात’, म्हणजे वस्ताद जोड बघतात. वजन, वय, मागच्या कुस्त्या. जोड जमली तरच हातात हात देतात. कुस्ती झाल्यावरही लोक विचारतात, जोड कशी होती? इंग्रज तेच करून बसलाय, जोडीच्याच शब्दाने झुंज म्हणतोय.

आणि बघा, आपण म्हणतो तोडीस तोड. ती एक मॅच. बंदुकीचा तोडा ही दुसरी. मराठीतही दोन्ही शेजारी शेजारीच निघाले की!

खडूस मास्तर

पैलवान, शंभरपैकी शंभर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फक्त त्यावरून इंग्रजांनी शब्द आपल्याकडून नेला असं उद्या कुणी पसरवू नये.

तुमच्यावर कडी करायची म्हणून एक: आपण तोफेला ‘बत्ती’ देतो. ती बत्ती आणि देव्हाऱ्यातली वात दोघी संस्कृत ‘वर्ति’च्या लेकी. म्हणजे वातीवरून तोफेपर्यंतचा फ्रेंचांचा रस्ता आपणही चाललोय, आपल्या पायांनी.

अंबरनाथ लोकल

माचिसबद्दल मी लिहितो, कारण मी त्या वासात वाढलो. आमच्या अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता. मूळ कंपनी स्वीडिश मालकीची, 1923 सालची. घरी पेटी जहाजाच्या चित्राचीच यायची.

‘माचिस’ म्हणजे ‘मॅचेस’, इंग्रजीतलं अनेकवचन, आपण एकवचन करून टाकलं. म्हणून ‘दोन माचिस द्या’ म्हणताना अनेकवचनाचं अनेकवचन होतं. आजी मात्र शेवटपर्यंत काडेपेटीच म्हणायची. माचिस म्हटलं की तिला बिडी ओढणारा माणूस दिसायचा. आई मधल्या पिढीची, ती आगपेटी म्हणे. एका घरात एका पेटीला तीन नावं. हाक कुणी मारली यावर पेटी कुठे आहे ते सांगायचं. आजीची देवघरात, आईची ओट्यावर, माझी कुठे ते सांगत नाही.

अनुवादवाली

केवढं दिलंत! मास्तर, पाया पडते.

तुमच्या दोरीमुळे पुढचं प्रकरणही सुटलं. 1643 च्या जुलैत डिव्हायझेस गावात राजाचं सैन्य वेढ्यात सापडतं आणि त्यांच्याकडची ‘मॅच’ संपत येते. सेनापती हॉप्टन घरोघरच्या खाटांच्या दोऱ्या काढून आणायला लावतो. त्या कुटून, उकळून त्यांची मॅच करतात. मी तिथे पेन्सिलने ‘???’ करून ठेवलं होतं. सामना संपला म्हणून लोकांच्या बाजा का उसवताहेत, कळेना. आता डोळ्यांपुढे येतं: रात्री गावभर माणसं जमिनीवर निजलेली, आणि त्यांच्या खाटा तटावर धुमसताहेत.

ऑक्सफर्डचं वाक्य असं पाठवलं: ‘झेंडे फडकावत, कर्णे फुंकत, ढोल वाजवत, तोड्याची दोन्ही टोकं पेटती ठेवून, शिशाच्या गोळ्या तोंडात धरून, आणि प्रत्येक शिपायाजवळ बारा बारांची दारू, त्या बेताने तोडा व गोळ्या.’

खडूस मास्तर

‘बारा बारांची’ छान. ‘त्या बेताने’ त्याहून छान. सुधारायला काही ठेवलं नाहीत, हे बरं नव्हे.

अनुवादवाली

आत्ताच संपादकांचं उत्तर आलं. पुन्हा लाल गोल. या वेळी ‘तोड्याची’ भोवती. शेजारी: ‘तोडा म्हणजे हातातला दागिना ना? सोन्याचा पेटतो कसा?’

आता पहिल्या उल्लेखाला ‘बंदुकीचा तोडा, म्हणजे धुमसती दोरी’ असं घालते आणि पुढे नुसता तोडा. पैलवान, संपादकांशी जोड लावायची असेल तर वजन किती लागतं?