घाट उतरताना 'डी'वर विसंबू नका
ऑटोमॅटिक गाडीतला मॅन्युअल मोड नुसता शोभेचा, हे मत मला अजिबात पटत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची १००० मीटरहून जास्त कमी होते. 'डी'मध्ये (नेहमीच्या ड्राइव्ह मोडमध्ये) बऱ्याच गाड्या वरचा गिअर धरतात, मग सगळा भार ब्रेकवर. पॅड तापले की पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही! 'एम'मध्ये (मॅन्युअल) टाकून वळणाआधीच दुसरा गिअर घ्या, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरते; हेच इंजिन ब्रेकिंग. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर 'एल' (लो) किंवा 'एस' (स्पोर्ट). आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढून आवाज येतो, त्याला घाबरू नका. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजेक्टर (इंजिनात इंधन सोडणारे भाग) इंधन बंदच करतात, म्हणजे आवाज वाढला तरी इंधन जास्त जळत नाही. फार खालचा गिअर मागितला तर गिअरबॉक्स देतच नाही.

फक्त इंजिन ब्रेकिंगने मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे गाडी असेल तर ब्रेकला हलकासा पाय लावा.