देव न मानणाऱ्या घरातलं पोर देवळाच्या भजनी मंडळात का?

मांडवीकाठ: ‘देव मानायचा नाही, पण मुलाला बाल भजनी मंडळात घालून गाणं फुकट शिकवून घ्यायचं,’ असं एकाने लिहिलंय. अशा पालकांना दांभिक म्हणणं मला पटत नाही. भजन ही आधी गायकी आहे. जय जय रामकृष्ण हरी, विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, गौळण, भैरवी या ओघात मूल ८ मात्रांचा ठेका आणि झील, म्हणजे बुवामागे ओळ उचलून गाणं, धरायला शिकतं. गोव्याच्या कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर भजन स्पर्धेत बाल कलाकारांचा वेगळा गट आहे. तिथे गुण गाण्याला मिळतात.

तर्कवादी: मग गाण्याच्या शिक्षकाकडे पाठवा. मंडळात गाणं सुटं मिळत नाही. देवापुढचं गाऱ्हाणं, आरती, तीर्थ, एकादशीची हजेरी सोबत येतेच. आठ वर्षांचं पोर एकटं बाजूला कसं उभं राहणार? धर्मशिक्षणाची सक्ती नको म्हणूनच संविधानात कलम २८(३) आहे.

पखवाजवाला: ते कलम सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवरच्या शिक्षणसंस्थांसाठी आहे, देवळाच्या मंडळासाठी नाही. उगाच कलमं फेकू नका! पाहायचं ते वेगळंच. मोठ्यांच्या पट्टीत पोरं ओरडतात आणि गळा बसतो. मुलग्याचा आवाज फुटायला लागला की वरचे स्वर सोडायला लावणारा बुवा हवा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक जास्त झाली तर नाद दबतो, वाळली तर सुटते. ती लावायला शिकवतात की टाळ देऊन मागे बसवतात? सप्ताहात भजन २४ तास चालतं, रात्रीची पाळी लहानांना देऊ नये.

सांगेकरीण: आधी मंडळ कुणाचं ते विचारा. देवस्थानाचं असेल तर गोव्यातल्या १९३३ च्या देवस्थान कायद्याने सत्ता महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासद घराण्यांची, आणि महाजनकी वंशाने येते. बाकीच्यांच्या पोरांनी देवळाच्या चौकात बसून गायचं, निर्णयात मात्र जागा नाही.

मांडवीकाठ: बाय, विषय मंडळाचा आहे, महाजनकीचा नाही.

सांगेकरीण: तोच विषय आहे! मुलाला तीर्थातून सूट हवी तर मागणार कुणाकडे? महाजनांच्या सभेत तुम्हाला बोलता येत नाही. मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो, पण तीर्थ घेतलं नाही म्हणून कुणी पोराला टोचून बोललं तर मामलेदाराकडे जाणार का? पिढ्यान् पिढ्या पालखीपुढे गाणाऱ्या घरांनाही तिथे मत नाही. नास्तिक तर कालचे.

तर्कवादी: हे मान्य. म्हणूनच म्हणतो, घालू नका.

पखवाजवाला: सगळी मंडळं देवस्थानाची नसतात. गावातल्या वाड्यावरची (वस्तीतली), संस्था म्हणून नोंदलेलीही आहेत. मंडळाची घटना (नियमावली) मागून घ्या आणि वाचा: सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती. दोन-तीन तालमी बसून ऐका. बुवाला आधीच सांगा, पोर आरतीला टाळ वाजवेल, तीर्थ घेणार नाही. चारचौघांत ‘नास्तिकाचं पोर’ म्हणणारा बुवा असेल तर दुसऱ्या दिवशी काढा.

तर्कवादी: टाळ वाजवला म्हणजे आरतीत भाग घेतलाच. तीर्थाचं आधी बोलून घ्यावं, एवढंच मानतो. आणि पोराला विचारायचं कुणी?

मांडवीकाठ: विचारायचंच. पण तीन महिन्यांनी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला टाळ हवाच असतो.