कादंबरीतला तोतया घरच्यांना पटतो कसा?

डिचोलीची शिक्षिका:
दोन वर्षं एक कादंबरी लिहितेय. दिवाडी बेटावरचं घर, नवरा तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवर गेला तो परतलाच नाही. चौदा वर्षांनी फेरीबोटीतून एक माणूस उतरतो आणि त्याच घराच्या सोप्यावर येऊन बसतो. तो नवरा नाही, हे वाचकाला शेवटाकडे कळायला हवं. पण आई आणि बायको त्याला स्वीकारतात, तेच मला लिहिता येत नाही. तीळ, कपाळावरचा व्रण, लहानपणीची आठवण, सगळं घालून पाहिलं. माझ्या बहिणीने पाच प्रकरणं वाचली आणि विचारलं, "बायको आंधळी काय गो?" तेव्हापासून वही उघडलेली नाही. कुणी मार्ग दाखवेल का?

पेडण्याचा दशावतारी:
ताई, तुमचा तोतया फार बोलतो, असं मला वाटतं. आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रात्री रंगपटात आख्यान ठरतं, बाकी सगळं उभ्या उभ्या. एका जत्रेत राजपार्टीचा, म्हणजे राजा करणाऱ्या नटाचा, गळा बसला आणि मला आयत्या वेळी मुकुट चढवून पुढे ढकललं. मी कुठला राजा, तेही नीट ऐकलं नव्हतं. गप्प उभा राहिलो. समोरच्या स्त्रीपार्टीने पहिलंच वाक्य टाकलं, "स्वामी, शिकारीहून येऊन तीन दिवस झाले, अजून माझ्या महाली पाऊल नाही?" झालं! मी कोण, कुठून आलो, कुणावर रुसलोय, सगळं मला तिनेच दिलं.
तुमच्या माणसालाही गप्प बसवा. म्हातारी विचारेल, "माडावरून पडलेलास, तो पाय अजून दुखता रे?" त्यानंतर त्याने थोडं लंगडावं.

निवृत्त कारकून, फोंडा:
वरचं उत्तर वाचून अंगावर काटा आला. मी कागदांचं सांगतो. आपल्या गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची सामाईक होते, निम्मी निम्मी. घर विकायचं तर दोघांची संमती लागते. सात वर्षं माणसाची खबर नसेल तर कायदा त्याला मेलेला धरू शकतो. पण मग त्याच्या निम्म्याचा वारसा उघडतो, आणि मूलबाळ नसेल तर आधी त्याच्या आईचा हक्क येतो. म्हणजे त्या बाईला नवरा जिवंतच हवा. हे मी टेबलापलीकडून आयुष्यभर पाहिलं: माणसापेक्षा त्याच्या सहीची वाट पाहणारे लोक असतात, आणि ते वाईट नसतात, अडलेले असतात.
एक काळजी घ्या. नवरा २०१० च्या आधी बेपत्ता करा. तेव्हा आधार नव्हतं, त्यामुळे आधारवर त्याच्या बोटांचे ठसे जुळवायला मिळणार नाहीत.

म्हापशाचा वाचक:
भावालचा खटला जरूर वाचा. बंगालमधल्या त्या जमीनदार घराण्यातला मधला कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारल्याचं जाहीर झालं. सुमारे बारा वर्षांनी ढाक्यात राख फासलेला एक संन्यासी आला. बहिणीने त्याला भाऊ म्हणून जवळ घेतलं, बायकोने शेवटपर्यंत नाकारलं. १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि काही दिवसांतच तो गेला. बायको खोटं बोलत होती की बहीण भाबडी होती? मी कितीदा वाचलं, दर वेळी मत बदलतं. तुमच्या वाचकाचंही तसंच व्हायला हवं.

डिचोलीची शिक्षिका:
काका, दादा, काल रात्री वही उघडली. मी आजवर तोतयाच्या मनात शिरून लिहीत होते, तीच चूक. आता बायकोच्या बाजूने लिहिते. ती पहिल्याच जेवणाला ओळखते: नवरा बांगड्याचं डोकं कधी खात नसे, हा चोखून खातो. ती गप्प राहते, आणखी एक वाढते. दुसऱ्या दिवशी सासू देवळात गेल्यावर ती नवऱ्याचा जुना पासपोर्ट काढते आणि कोऱ्या कागदासोबत त्याच्यापुढे ठेवते. सही गिरवायला.