डेटा नको, फक्त कॉल हवेत: कोणता रिचार्ज, आणि २० रुपयांचा नियम खरा का?

सातारकर_७
आईचा बटणांचा फोन आहे, इंटरनेट शून्य. दुकानदार दर २८ दिवसांनी एअरटेलचा १९९ मारतो, त्यातला २ जीबी तसाच वाया. फक्त कॉलचा प्लॅन असतो का? शिवाय एक दुसरं सिम निव्वळ बँकेच्या ओटीपीसाठी आहे. २० रुपये बॅलन्स असला की चार महिने चालतं, असा मेसेज फिरतोय. खरं का?

हिशेबनीस
असतो. ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला: प्रत्येक कंपनीने फक्त कॉल-एसएमएसचा निदान एक पॅक ठेवायचा, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. त्यावर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचे ४६९ (८४ दिवस, ९०० एसएमएस) आणि १८४९ (३६५ दिवस, ३६०० एसएमएस) आले, जिओचे ४४८ (८४ दिवस) आणि १७४८ (३३६ दिवस). आजचा भाव ॲपमध्ये बघूनच मारा.

१९९ म्हणजे 'महिन्याचा खर्च' असं धरलंत तर हिशेबच चुकतो. २८ दिवसांचे वर्षात १३ रिचार्ज, म्हणजे २५८७. १८४९ मध्ये ७३८ वाचले. आणि ३३६ दिवस म्हणजे वर्ष नव्हे, ११ महिने. दिवसाचा भाव काढा: १७४८ वाला ५.२० पडतो, १८४९ वाला ५.०७. दिसायला महाग तोच स्वस्त!

दुकानात 'कॉलचा द्या' म्हणू नका, आकडा सांगा. नाहीतर पुन्हा डेटावालाच गळ्यात पडतो.

टॉवरखाली
२० रुपयांचा मेसेज अर्धा खरा, म्हणूनच घातक. नियम नवा नाही, २०१३ पासूनचा आहे. सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच वापर नसेल तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. पण मुख्य बॅलन्स २० किंवा जास्त असेल तर २० कापून नंबर आणखी ३० दिवस राखायचा. ९० अधिक ३०, हे ते चार महिने. बॅलन्स संपला तरी नंबर पुन्हा चालू करायला १५ दिवसांची सवलत मिळते.

यात नंबर *तुमच्या नावावर* राहतो, एवढंच. पॅक संपल्यावर इनकमिंग चालूच राहील अशी हमी या नियमात कुठेही नाही. ओटीपी आला नाही म्हणून ओरडून उपयोग नाही.

दुसरी गोम: २० चा टॉप-अप मारून २० येत नाहीत. १८ टक्के जीएसटी जाऊन उरतात १६.९५, त्यातून २ रुपये प्रोसेसिंग फी, खात्यात १४.९५. म्हणजे नियमाला पुरतच नाही. ५० चा मारा, ३९.३७ जमा होतात.

पोर्टवाला
वर्षाचा पॅक मारण्याआधी घरात रेंज नीट येते का ते बघा. पोर्ट केलंत (नंबर तोच ठेवून कंपनी बदललीत) तर उरलेली मुदत आणि बॅलन्स दोन्ही बुडतात. पोर्ट करायचंच असेल तर पॅक संपत आल्यावर १९०० वर PORT, जागा सोडून नंबर, असा एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही.

दुकानदाराने न सांगता भलताच पॅक मारला तर कंपनीच्या १९८ वर तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. तो नसेल तर पुढे अपील करता येत नाही. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे लिहून वेळ घालवू नका.

सातारकर_७
म्हणजे ओटीपीच्या सिमचं काय करू?

टॉवरखाली
बँकेतला नंबर बदलून चालू सिमचा द्या आणि हे सोडा. पण आधी आधार, पीएफ, गॅस, जिथे जिथे तो नंबर आहे तिथला बदला. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर.